जुना ट्रॅक्टर बदलताना एचपी शेवटी पाहा, अवजारं आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: 40 एचपीच्या वर्गातला टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर, वीसहून जास्त वर्षं चाललेला. इंजिन ऑइल खातं, थंड असताना सुरू व्हायला फार वेळ घेतं, अवजार उचलून ठेवलं की लिफ्ट हळूहळू खाली बसते आणि नांगराला लावला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. आता इंजिन बांधून घ्यावं, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून घ्यावेत, की सरळ 55-60 एचपीचा घ्यावा? नवा की वापरलेला? आणि फोर-व्हील ड्राइव्हची खरंच गरज आहे का?

या चार तक्रारींपैकी पहिल्या तीन झिजेच्या आहेत. चौथी झिजेची नाही. चाकं फिरतात याचा अर्थ इंजिनात ताकद शिल्लक आहे, ती जमिनीला लागत नाही. टायर अगदीच गुळगुळीत झाले असतील तर गोष्ट वेगळी, पण टायर बरे असूनही चाकं फिरत असतील तर तुम्हाला कमी पडतंय ते वजन, एचपी नाही. म्हणून आधी कागदाच्या एका बाजूला ‘काय झिजलंय’ आणि दुसऱ्या बाजूला ‘काय पुरत नाही’ अशी नोंद करा. झिजलेलं दुरुस्त होतं. न पुरणारं कितीही दुरुस्ती केली तरी पुरत नाही. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस एकतर चांगला ट्रॅक्टर विकून बसतो किंवा अपुऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर पैसे घालून बसतो.

झिजेची बाजू आधी उरकतो. लिफ्ट बसणं हा ट्रॅक्टर बदलण्याचा मुद्दाच नाही. बहुतेक वेळा लिफ्टच्या सिलिंडरमधली पिस्टनची सील गेलेली असते किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह आतून गळत असतो. इंजिन चालू असताना अवजार थोडं खाली येऊन झटक्याने पुन्हा वर जात असेल, तर दोष हाच समजा. थंड इंजिन सुरू न होण्याला बॅटरी, स्टार्टर, ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कमी कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब), काहीही कारण असू शकतं. त्यामुळे कम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन खोलायला परवानगी देऊ नका. ऑइल खाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. ट्रॅक्टर लोडवर चालवून गरम करा आणि ब्रीदरच्या नळीपाशी, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी पाहा. तिथून धूर सतत फुसफुसत बाहेर येत असेल आणि सायलेन्सरला निळसर धूर असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लायनर (आतलं अस्तर) संपत आले आहेत.

इंजिन बांधायचं की नाही हे मात्र इंजिनावरून ठरवू नका. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि मागचा एक्सल यांच्यावरून ठरवा. मागची बाजू शांत चालत असेल, गिअर सुटत नसतील, सुटे भाग मिळत असतील आणि ट्रॅक्टर तुमच्या कामाला पुरत असेल, तर इंजिन बांधणं हा उत्तम सौदा आहे. मागची बाजू आवाज करत असेल तर थांबा. नवं इंजिन पूर्ण ताकद द्यायला लागलं की जुने गिअर आणि बेअरिंग आणखी लवकर बोलायला लागतात. माझा हिशेब असा: दुरुस्तीचा एकूण अंदाज चांगल्या स्थितीतल्या तशाच वापरलेल्या ट्रॅक्टरच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला, की दुरुस्तीचा विचार सोडायचा.

आता न पुरण्याची बाजू. इथे जरा थांबू, कारण बहुतेक चुकीच्या खरेद्या इथेच होतात.

ओढकामाचं गणित सोपं आहे. ओढ किलोन्यूटनमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये धरून दोन्हींचा गुणाकार करा, त्याला 3.6 ने भागा, उत्तर किलोवॉटमध्ये येतं. समजा तुमचा नांगर 10 किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन ओढ मागतो आणि तुम्ही ताशी 5 किलोमीटरने चालता. 50 भागिले 3.6 म्हणजे सुमारे 14 किलोवॉट, 19 एचपीच्या आसपास. टायर जमिनीत बुडण्यात, घसरण्यात आणि गिअरांमध्ये जाणारी ताकद धरली तरी 40 एचपीच्या इंजिनाला हे जड नाही. मग चाकं का फिरतात? कारण नांगरटीच्या जमिनीत चालती चाकं त्यांच्यावरच्या वजनाच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्केच ओढ देऊ शकतात. 2000 किलोचा टू-व्हील ट्रॅक्टर धरा. मागच्या एक्सलवर साधारण 1300 किलो येतात. नांगराचा थोडा भार मागच्या चाकांवर सरकतो तो धरूनही ओढ सातशे-आठशे किलोच्या पुढे सहसा जात नाही. एक टन हवा असताना सातशे मिळाले की चाकं फिरणारच. याच वजनाच्या ट्रॅक्टरला 60 एचपीचं इंजिन बसवलं तर चाकं आणखी जोरात फिरतील, एवढंच.

म्हणून माहितीपत्रकात एचपीच्या आधी वजन पाहा. तेही नुसत्या ट्रॅक्टरचं, वजनी ठोकळे न लावता. एकाच एचपीचे दोन ट्रॅक्टर वजनात चारशे-पाचशे किलोंनी वेगळे निघू शकतात. नांगर, सब-सॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारं अवजार) आणि भरलेली ट्रॉली ही कामं जास्त असतील तर जड ट्रॅक्टर घ्या. पेरणी, फवारणी, आंतरमशागत जास्त असेल तर हलका बरा, कारण दर फेरीला जमीन दाबत फिरण्यात फायदा नाही. हलक्या ट्रॅक्टरला गरजेपुरतं वजन चढवता येतं: चाकांचे ठोकळे, पुढचे ठोकळे, टायरमध्ये तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी. जड ट्रॅक्टरचं वजन उतरवता येत नाही. चाकांचं घसरणं पूर्ण बंद करायचंही कारण नाही. भुसभुशीत ते घट्ट जमिनीत दहा-पंधरा टक्के घसरण ठीक असते. अजिबात घसरत नसेल तर तुम्ही जास्तीचं वजन वाहून डिझेल जाळताय.

यातूनच फोर-व्हीलचं उत्तर निघतं. चारही चाकं ओढत असली की सगळं वजन कामाला लागतं. 2000 किलोचाच ट्रॅक्टर आता नऊशे-हजार किलोपर्यंत ओढ देईल. तुमच्या तक्रारीवर नेमकं औषध हेच आहे. ओल्या जमिनीत, चढावर आणि पुढे लोडर असेल तर फोर-व्हील नसलेला ट्रॅक्टर मी सुचवतच नाही. नुसती ट्रॉली आणि पीटीओवरची (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवरची) कामं असतील तर मात्र तो जास्तीचा खर्च आहे, वळणं मोठी होतात आणि पुढच्या एक्सलचे सील-बेअरिंग सांभाळावे लागतात. एक पथ्य पाळा: फोर-व्हीलचे पुढचे आणि मागचे टायर एकमेकांना जुळवूनच दिलेले असतात. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतात, हे मुद्दाम ठेवलेलं असतं. फक्त मागे वेगळ्या मापाचे टायर टाकले की हा मेळ बिघडतो आणि पुढच्या गिअरांवर ताण येतो. पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील सोडून चालवा, कारणही तेच.

पीटीओकडे वळू. इंजिनाची एचपी आणि पीटीओवर मिळणारी एचपी यात गिअरच्या ट्रॅक्टरला साधारण दहा ते पंधरा टक्क्यांची तफावत असते, हायड्रोस्टॅटिकला (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्याला) याहून जास्त. म्हणजे 50 एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर 42 ते 45 एचपी धरा. रोटाव्हेटर, मळणी यंत्र, जनरेटर, श्रेडर या सगळ्यांची मागणी पीटीओ एचपीतच बघायची असते. विक्रेता बोलतो इंजिनाची, अवजाराची पुस्तिका बोलते पीटीओची, आणि गिऱ्हाईक दोन्ही एकच धरतो. मग रोटाव्हेटर लावला की इंजिन दबतं. तुमच्या अवजारांपैकी सगळ्यात भुकेल्या अवजाराची पीटीओ मागणी घ्या, त्यावर पंधरा-वीस टक्के राखीव धरा, आणि त्यापुढे थांबा. रोज पूर्ण ताकदीने चालणारं इंजिन लवकर थकतं हे खरं, पण रोज पाव ताकदीने चालणारं मोठं इंजिनही चांगलं नसतं. ते नीट गरमच होत नाही आणि काजळी धरतं.

आकडे तपासायला सरकारी किंवा स्वतंत्र चाचणीचा अहवाल मागा. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये कायदाच केला की तिथे विकायचा ट्रॅक्टर आधी तपासला गेला पाहिजे. कारण तेव्हा कागदावरची ताकद आणि शेतातली ताकद यांचा मेळच नव्हता. 1920 पासून त्या चाचण्या सुरू आहेत. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या चाचणी नियमावलीप्रमाणेही अनेक देशांत अहवाल निघतात. अहवालात तीन गोष्टी वाचा: पीटीओवर मिळालेली कमाल ताकद, त्या ताकदीला लागलेलं डिझेल आणि टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) राखीव वाढ. ही शेवटची गोष्ट गिऱ्हाईक कधी विचारत नाही, आणि चालवताना सगळ्यात जास्त तीच जाणवते. लोड अचानक वाढून इंजिनाचे फेरे पडायला लागले की टॉर्क किती वाढतो, त्यावर ट्रॅक्टर खेचून नेणार की बंद पडणार हे ठरतं. ही वाढ पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर घट्ट जागी दर वेळी गिअर बदलावा लागत नाही. ती दहा-बारा असेल तर एचपी जास्त असूनही ट्रॅक्टर दमेकरी वाटतो.

पीटीओचा वेगही पाहा. नेहमीचा मिनिटाला 540 फेऱ्यांचा, सहा स्प्लाइनचा (शाफ्टवरच्या लांब दात्यांचा), 35 मिलिमीटर जाडीचा शाफ्ट तुमच्या जुन्या अवजारांना चालेल. 1000 फेऱ्यांचा याच जाडीत 21 स्प्लाइनचा येतो. काही ट्रॅक्टरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून 540 मिळवायची सोय असते. फवारणी आणि पंपासारख्या हलक्या कामांना तिने डिझेल वाचतं, जड कामांना ती वापरायची नाही. क्लच किमान दुहेरी हवा, स्वतंत्र पीटीओ क्लच असेल तर सर्वोत्तम. एकेरी क्लचचा त्रास असा की पेडल दाबलं की अवजाराकडे जाणारी ताकदही तुटते. त्यातच जड चक्राचं अवजार असेल तर ते स्वतःच्या जोराने फिरत राहतं आणि गिअरबॉक्समार्गे ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं. ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो तो यामुळे. जुनाच ट्रॅक्टर ठेवणार असाल तर निदान पीटीओला ओव्हररनिंग क्लच बसवा, तो अवजाराचा उलटा जोर ट्रॅक्टरपर्यंत येऊ देत नाही.

लिफ्टची क्षमता हा दुसरा फसवा आकडा. मोठा दिसणारा आकडा खालच्या लिंकच्या टोकांवर मोजलेला असतो. अवजाराचं वजन मात्र त्या टोकांच्या बरंच मागे असतं. चाचणीत 610 मिलिमीटर मागे मोजलेला आकडाही असतो, तो विचारा. तो लहान असतो आणि उपयोगाचा असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिफ्टने उचललं तरी पुढची चाकं जमिनीवर राहतात का. हे हातानेही मोजता येतं. समजा ट्रॅक्टर 2000 किलोचा, दोन एक्सलमधलं अंतर 2 मीटर, पुढच्या एक्सलवर 800 किलो. अवजार 600 किलोचं आणि त्याच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलपासून 1.5 मीटर मागे. 600 गुणिले 1.5, भागिले 2, म्हणजे 450 किलो पुढच्या एक्सलवरून कमी होतात. उरले 350. स्टिअरिंग हातात राहायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान वीस टक्के, म्हणजे इथे 400 किलो पुढे हवेत. म्हणजे पुढे ठोकळे लावल्याशिवाय हे अवजार घेऊन रस्त्याला निघणं धोक्याचं आहे. हा हिशेब खरेदीच्या आधी प्रत्येक उचलायच्या अवजारासाठी करा.

तुमचा नांगर लिंकेजवरचा आहे म्हणून ड्राफ्ट कंट्रोलबद्दलही सांगतो. हॅरी फर्ग्युसनची तीन बिंदूंची लिंकेज 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरवर आली आणि हलका ट्रॅक्टर जड नांगर ओढू लागला, तो याच करामतीमुळे. जमीन घट्ट लागली की लिफ्ट आपोआप किंचित उचलते, ओढ कमी होते आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो. जुन्या ट्रॅक्टरवर ही यंत्रणा बहुतेकदा बंद पडलेली किंवा चुकीची जुळवलेली असते आणि मालक फक्त उंचीच्या लिव्हरवर काम भागवत असतो. तुमचाही ट्रॅक्टर तसा चालत असेल तर चाकं फिरण्याचं अर्धं कारण तिथे असू शकतं. नवा ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी हे तपासा.

गिअरची संख्या मोजू नका, कुठले गिअर तुमच्या कामाच्या वेगात येतात ते मोजा. बारा गिअरपैकी ताशी 4 ते 10 किलोमीटरच्या पट्ट्यात किमान चार-पाच हवेत. रोटाव्हेटरसाठी ताशी 2-3 किलोमीटरचा एक हवा. लोडरचं काम असेल तर पुढे-मागे करायला शटल लिव्हर घ्याच. ब्रेक तेलातले घ्या. हायड्रॉलिक बाहेर काढायच्या जोडण्या तुमच्या ट्रॉलीला आणि लोडरला पुरतील एवढ्या आहेत का ते बघा, आणि पंपाचा प्रवाह विचारताना स्टिअरिंगचा पंप वेगळा आहे का हेही विचारा.

नवा की वापरलेला? वर्षाला तास किती पडतात त्यावर ठरवा. पाचशेच्या वर तास पडत असतील आणि हंगामात एक दिवसही बंद राहणं परवडत नसेल तर नवा. दोनशेच्या आत असतील तर चांगला वापरलेला ट्रॅक्टर तुम्हाला आयुष्यभर पुरेल. नव्याच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्या. ठरावीक ताकदीच्या वरच्या नव्या इंजिनांना प्रदूषणाच्या नियमांमुळे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, मोठ्यांना युरियाचं द्रावणही लागतं. तो फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन चांगलं गरम राहून लोडवर चालावं लागतं. दहा मिनिटं सुरू करून बंद, दिवसभर नुसतं आयडलवर, असं तुमचं काम असेल तर तो फिल्टर तुंबत राहील. असं काम असणाऱ्यांनी फिल्टर नसलेल्या ताकदीच्या वर्गात बसणारा ट्रॅक्टर मिळतो का हे आधी बघावं. कॉमन रेल इंजिन (फार जास्त दाबाने डिझेल फवारणारं) असेल तर डिझेल साठवायची तुमची टाकी आणि फनेलसुद्धा स्वच्छ हवं. पाणी आणि कचऱ्याने जुना पंप कुरकुरत चालायचा, याचे इंजेक्टर जातात.

वापरलेला बघायला जाताना आधी कळवा की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर सगळ्यात आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. अवर मीटरवर विसंबू नका. जुने मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात, त्यामुळे आयडलवरचे तास कमी मोजले जातात, आणि मीटर बदललेलेही असतात. त्यापेक्षा क्लच आणि ब्रेकच्या पेडलांकडे बघा. कमी तासांचा म्हणून सांगितलेल्या ट्रॅक्टरच्या पेडलाची खरखरीत जाळी घासून चकाकत असेल तर तास खरे नाहीत. गिअरबॉक्सचं तेल डिपस्टिकवर दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे, बहुधा गिअर लिव्हरच्या फाटलेल्या रबरातून. पुढचा एक्सल जॅकवर उचला आणि चाक वर-खाली, मग डावं-उजवं हलवा. एक्सलच्या मधल्या पिनमध्ये आणि किंगपिनमध्ये (चाक ज्यावर वळतं त्या पिनमध्ये) खेळ असेल तर लगेच हाताला कळतो. पीटीओ शाफ्टच्या स्प्लाइनवर बोट फिरवा, त्यांच्या कडा धारदार झाल्या असतील तर शाफ्टने फार सोसलं आहे. लिफ्टवर जड अवजार उचलून इंजिन बंद करा, लिफ्टच्या हातावर खडूने खूण करा आणि बाकीची तपासणी उरकून खूण किती खाली आली ते बघा. चालवताना उतारावर प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढून बघा, सुटणारा गिअर तिथेच सुटतो. फक्त काही बोल्टवर ताजा रंग असेल तर विचारा तिथे काय काम झालं.

उलटताना वाचवणारी चौकट आणि सीट बेल्ट यावर मी तडजोड करत नाही. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर उलटून मरणाऱ्यांची संख्या तिथे झपाट्याने उतरली. चौकट उभी असताना बेल्ट लावायचा, दुमडलेली असताना लावायचा नाही, कारण तेव्हा बेल्ट माणसाला ट्रॅक्टरखालीच अडकवून ठेवतो. चढ-उताराच्या जमिनीवर चौकट नसलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. जुनाच ठेवणार असाल तर कंपनीची किंवा प्रमाणित चौकट बसवून घ्या. वेल्डिंगच्या दुकानात बनवलेली नको, उलटताना ती मोडते.

कुठल्या कंपनीचा, हे मी सांगणार नाही. तुमच्या जवळ ज्याचे फिल्टर, सील आणि क्लच प्लेट हंगामात त्याच दिवशी मिळतात आणि ज्याचा मेकॅनिक शेतात येतो, त्या कंपनीचा घ्या. दोन ट्रॅक्टर बरोबरीचे वाटले तर ही गोष्ट पारडं फिरवायला पुरेशी आहे.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. आधी ड्राफ्ट कंट्रोल जुळवून घ्या, लिफ्टच्या सील बदला, मागे वजन चढवा आणि तोच नांगर त्याच जमिनीत पुन्हा लावून पाहा. त्याने चाकं थांबली, मागची बाजू शांत असली आणि कम्प्रेशनच्या आकड्यांनी इंजिनच दोषी ठरवलं, तर इंजिन बांधून घ्या आणि हाच ट्रॅक्टर ठेवा. चाकं तरीही फिरत राहिली तर 45 ते 50 एचपीचा, तुमच्या आताच्या ट्रॅक्टरपेक्षा जड, फोर-व्हील, स्वतंत्र पीटीओ क्लचचा आणि चौकट असलेला बघा. 60 एचपीकडे जायचं ते फक्त पीटीओवरचं मोठं अवजार घेणार असाल तर. विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक मागताना त्याचं अवजार नको म्हणा. तुमचा नांगर आणि तुमचा रोटाव्हेटर लावून, तुमच्या सगळ्यात घट्ट तुकड्यात किमान अर्धा दिवस ट्रॅक्टर चालवून घ्या, आणि त्या अर्ध्या दिवसाचं डिझेल टाकी काठोकाठ भरून मोजा.